लाडकीची नाडी

प्रिय हेमाली,

पाकीट बघून दचकू नकोस. आजकाल घरी पत्र येतं ते बँकेचं नाहीतर कोर्टाचं, पण हे नुसतं माझं आहे. गेल्या महिन्यात तू फोनवर मला एकच प्रश्न विचारलास, "मावशी, खरं सांग, आई माझ्यामुळे गेली का गं?" आणि सरकारी नर्सच्या नोकरीत सत्तावीस वर्षं मुरलेली मी म्हणाले, "हॅलो, हॅलो, आवाज कट होतोय." आवाज कट होत नव्हता. तुझ्यामागे कोंबडी ओरडत होती, तीसुद्धा मला स्वच्छ ऐकू येत होती. परवा मिथुन डहाणू रोडला स्टेशनबाहेर भेटला. म्हणाला, "शिस्टर, ती कामावर जात नाय. जेवायला बसते नि ताट तसंच ठेवून उठते. सुकी मासळी घरात आणूच देत नाय. बोलते, मी आईला खाल्लंय, आता अजून काय खाऊ." हे सांगताना तो माझ्या पिशव्या रिक्षात ठेवत होता, म्हणजे मला त्याच्या तोंडाकडे बघावं लागू नये. चांगला मुलगा निवडलास. तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते: नाही. तुझ्यामुळे नाही. पण नुसत्या 'नाही'वर तू विश्वास ठेवणार नाहीस, आणि माझ्या 'नाही'वर तर ठेवूही नकोस. म्हणून सगळं लिहिते, जमेल त्या क्रमाने.

आधी पाड्याची खबर. पावसाळा सरला, मासळी वाळवायच्या वलांडी पुन्हा उभ्या राहिल्या. बांबूंवर बोंबील लटकायला लागले आणि त्या वासाबरोबर गेल्या वर्षीची गोष्टही वर आली. आपली विठाबाई ती गोष्ट आल्यागेल्याला सांगते. "पोरगी तळासरीच्या पोराबरोबर गेली नि आयशीचं काळीज तिथंच फुटलं." आता तर तिने त्यात दृश्यंही घातली आहेत. तू निघालीस तेव्हा लाडकी छाती धरून ओट्यावर बसली, पाणीपण प्यायली नाही, वगैरे. त्या दिवशी विठाबाई घोलवडला चिकू भरायला गेलेली होती, हे मला पक्कं माहीत आहे. तिथून तिला ओटा कसा दिसला ते तिलाच विचारायला हवं. पण गोष्ट चांगली जमली आहे. एप्रिलात पोरगी गेली, नोव्हेंबरात आई गेली. लोकांना असा हिशेब आवडतो, त्यात कोणाला काही शोधावं लागत नाही. तुझा बाप, आमचा बाबल्यादादा, होडीवर जातो, येतो, भिंतीकडे तोंड करून बसतो. पुढच्या महिन्यात लाडकीचं वर्षश्राद्ध आहे. परवा तो मला म्हणाला, "शिस्टर, तिला सांगा, उंबऱ्याला पाय लावायचा नाय." निरोप माझ्याकडेच दिला. यात देवाचा काही विनोद असेल तर मला तो उशिरा कळला.

तुझी आई आणि मी एकाच वर्षाच्या. पाळीची गडबडही दोघींची दोन महिन्यांच्या अंतराने सुरू झाली. त्या वेळी तू शेवटच्या वर्षाला होतीस, तुला यातलं काही माहीत नसेल. लाडकी तळासरीच्या आठवडी बाजाराला सुक्या बोंबलाची पाटी घेऊन जायची, आणि जानेवारीतल्या थंडीत टेम्पोत बसल्या बसल्या तिला असा घाम फुटला की शेजारच्या बाईने विचारलं, पाटीत बर्फ होता काय. बाजारातून आली ती सरळ उपकेंद्रात. "शिस्टर, पोटात भट्टी पेटते, मानेवर चढते, नि छातीत कोण तरी उखळ कांडल्यावानी करतो." मी हसले. मला आदल्या आठवड्यात अगदी हेच झालं होतं, फक्त मी पंख्याखाली होते. मी तिला सांगितलं, अगं, पाळी जायची वेळ आली की होतं असं. तिला इतकं बरं वाटलं की तिने मला बोंबलाच्या दोन जुड्या दिल्या आणि जाताना दारात म्हणाली, "म्हंजी मी मरत नाय."

त्याच वर्षी वरून फर्मान आलं, चाळिशीपुढच्या बायकांसाठी शिबिर घ्या. सोबत एक पोस्टर. गुलाबी साडीतली गोरी बाई, कपाळावर फक्त एक पांढरी बट, हातात दुधाचा पेला, समोर बशीत बदाम. आमच्या बायकांनी बराच वेळ बघितलं. सोमीकाकू म्हणाली, "हिला काय झालंय? हिला तर सगळं हाय." मी पोस्टर उलटं करून भिंतीला टेकवलं आणि माझ्या पद्धतीने शिकवायला घेतलं. सगळ्यांना एकमेकींचं मनगट धरायला लावलं, अंगठ्याखाली नाडी शोधायला लावली, घड्याळ लावून मोजायला लावलं. पाच मिनिटं नुसती खुसखुस. लाडकीने माझ्याच हातात हात दिला होता. बसल्या जागी अठ्ठ्याहत्तर ठोके. आणि तेवढ्यात तिला भट्टी पेटली. सगळ्यांच्या समोर, कान लाल, वरच्या ओठावर घाम. मी म्हटलं, बघा गं, आता बघा. ब्याण्णव. पाच मिनिटांनी परत ऐंशी. लाडकी डोळे मोठे करून म्हणाली, "लग्नात नवऱ्याने हात धरला तवापण एवढं नाय धडधडलं." अंगणवाडीचं छप्पर उडेल इतक्या हसल्या बायका. मी सांगितलं, ऐका, हे वयाचं आहे, नाडी वर जाते, खाली येते, घाबरायचं नाही. सत्तावीस वर्षांत मी घेतलेला एकमेव वर्ग, जो सगळ्यांना पाठ झाला.

पुढच्या वर्षी दोघींची पाळी थांबली. माझी दिवाळीत, तिची शिमग्याच्या आसपास. तोवर लाडकी आमच्या खात्याची बिनपगारी प्रचारक झाली होती. नळावर, होडीची वाट बघताना, बाजारात पाटीमागे बसून, कोणा बाईने छातीला हात लावला की ही सांगायची, "वयाचं हाय, शिस्टर बोलली. वर जातं, खाली येतं." एका परीने तिचं बरोबर होतं. दहातल्या बऱ्याच जणींना ते वयाचंच असतं. पाळी लांबायला लागली की ठोक्यांचा खेळ सुरू होतो, थांबल्यावरही काही वर्षं चालतो आणि बहुतेक वेळा त्यात भिण्यासारखं काही नसतं. डॉक्टरांनी आम्हाला जे शिकवलं होतं त्यात याच्यापुढे आणखी एक ओळ होती: धडधड वर गेली आणि खाली आलीच नाही, नाडी वेडीवाकडी लागली, चालताना दम लागला, पाय सुजले, तर वयाचं म्हणून सोडू नका, हृदयाची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढा. ही ओळ मला पाठ होती. बायकांना सांगितली नव्हती. म्हटलं, आधीच घाबरलेल्या असतात, सगळ्याच पट्टी काढायला निघतील आणि गाडी कुठून आणू. शिवाय वर्ग छान रंगला होता.

मग तिचं चालणं बदललं. तुलाही दिसलं असेल, पण तू सकाळच्या गाडीने कामावर जायचीस आणि ती तुझ्यासमोर मुद्दाम ताठ चालायची. पाटी घेऊन रस्त्याला लागली की चिंचेपाशी थांबायची, मग पाण्याच्या टाकीपाशी, मग बसथांब्याच्या अलीकडे. पूर्वी एका दमात जायची. चपलेचा पट्टा संध्याकाळी पायात रुतलेला दिसायचा. मी विचारलं की उलट मलाच सांगायची, "तूच बोललीस ना गं, वयाचं." त्याच सुमारास माझीही धडधड वाढली होती. आणि आता नीट वाच, हेमाली. मी डहाणू रोडला एका खाजगी डॉक्टरकडे जाऊन स्वतःची पट्टी काढून घेतली. रजा टाकून गेले. डॉक्टर म्हणाले, सिस्टर, काही नाही, वयाचं आहे. मी हलक्या अंगाने परत आले, येताना केस काळे करायची पुडीपण घेतली. आणि मनात पक्कं झालं की माझं वयाचं आहे, तर लाडकीचंही वयाचंच. दोघी एका वर्षाच्या, पाळी एका वर्षात गेली, मग काळीज काय वेगळं असणार? मी बसून नोंदी भरायचे, ती दहा किलोची पाटी डोक्यावर घेऊन बाजार करायची, लहानपणी तिला सांधे सुजून महिनाभर ताप आला होता हे तिनेच मला एकदा सांगितलं होतं. हे सगळं माझ्या डोक्यात होतं, पण वेगवेगळ्या कप्प्यांत.

तिसरं शिबिर गेल्या वर्षी फेब्रुवारीत झालं. त्याच्याबद्दल लिहायचं आहे, पण आत्ता नाही. आधी तुझ्या जाण्याचं लिहिते. मला लाडकीची ती बाजू माहीत आहे जी तुला, तुझ्या बापाला आणि विठाबाईलाही माहीत नाही. तू एप्रिलात गेलीस तेव्हा ती चिडली, हे खरं. चांगले आठ दिवस शिव्या दिल्या. तुला, मिथुनला, तळासरीला, तुझ्या शिक्षणाला आणि तुला मोबाईल घेऊन देणाऱ्या स्वतःच्या हाताला. नवव्या दिवशी माझ्याकडे येऊन विचारलं, "त्यांच्यात कोलीम खातात काय गं?" म्हटलं, मला काय ठाऊक. म्हणाली, "नाय खात असले तर पोरीचं कसं व्हायचं." काळीज फुटलेली बाई कोलमासारख्या बारक्या मासळीची चौकशी करत नाही. त्यानंतर दर बाजाराला ती पाटी मुद्दाम भाजीच्या रांगेजवळ मांडायची, कारण तुझी सासू तिथे येते. दोन-तीन बाजार नुसतं बघितलं. मग एकदा तुझ्या सासूच्या पिशवीत बोंबलाची जुडी टाकली आणि म्हणाली, पोरीला सांगू नका कोणी दिली. सासूबाईंना विचार. तुझ्या घरी पावसाळ्यात जे बोंबील आले, ते कुठून आले, असं तू कधी विचारलं नाहीस ना? ते खाल्लेस ना? मग झालं. आणि हो, गणपतीला तुला बोलवायचं, असं तिने ठरवलं होतं. बाबल्यादादाला कसं पटवायचं याची तालीम माझ्यासमोर केली होती. गणपतीत तो होडीवरच अडकला, बोलणं दिवाळीवर गेलं, दिवाळीत तिला ताप, मग राहिलं.

नोव्हेंबरातल्या त्या सकाळी ती वलांडीवर बोंबील उलटत होती. सोमीकाकू पलीकडच्या रांगेत होती. ती सांगते, लाडकीच्या हातातून बोंबील खाली पडला, तिने वाकून उचलला, परत पडला. तिसऱ्यांदा हातच उचलेना. सोमीकाकू ओरडली, काय गं, झोप लागली काय? लाडकीने तिच्याकडे बघितलं, तर तोंड एका बाजूला गेलेलं. मी पोचले तेव्हा तिला वाळूत निजवलं होतं आणि डाव्या हाताने ती उजव्या हाताची बोटं एकेक करून सरळ करत होती. टेम्पोतून दवाखान्यात, तिथून सीमेपलीकडच्या, गुजरातेतल्या मोठ्या दवाखान्यात. तिसऱ्या दिवशी गेली. तू दोन्ही दवाखान्यांत आलीस आणि तुझ्या बापाने दोन्ही वेळा तुला दारातून परत पाठवलं. मी तिथेच उभी होते, खांबाला टेकून. तू माझ्याकडे बघितलंस. मी सलाईनच्या बाटलीकडे बघत होते.

डॉक्टरचा कागद बाबल्यादादाने माझ्या हातात दिला, "शिस्टर, वाचा, काय लिवलंय." इंग्रजीत होतं. लिहिलं होतं की हृदयाची झडप जुनी खराब आहे, ठोके कित्येक महिन्यांपासून अनियमित असावेत, त्यामुळे हृदयात रक्ताची गुठळी धरली आणि ती मेंदूत गेली. मी कागदाची घडी घातली आणि म्हटलं, "काळजाला धक्का बसला, दादा." डॉक्टरी भाषेत याला अर्थ नाही. पण धक्का म्हटल्यावर कोणी दिला हा पुढचा प्रश्न आपोआप येतो, आणि बाबल्यादादाने माझ्यासमोरच त्याचं उत्तर दिलं. तुझं नाव घेतलं. मी तो कागद माझ्या पिशवीत टाकला. विठाबाईला मी उगाच नावं ठेवते. गोष्टीचं पहिलं वाक्य माझं होतं, तिने फक्त पुढची भरली.

आता फेब्रुवारी. तीच अंगणवाडी, साठ बायकांचं उद्दिष्ट, दुपारी दोनपर्यंत संपवायचं, कारण वलांडीवर बोंबील उलटायचे होते आणि बायका उभ्या राहायला तयार नव्हत्या. गेल्या वर्षापासून सगळं टॅबमध्ये भरायचं असतं. त्यात नाडीच्या चौकटीत शंभराच्या वरचा आकडा घातला की पडदा लाल होतो आणि पाठोपाठ सतरा प्रश्न उघडतात: कुठे पाठवलं, गाडी कोणती, सोबत कोण, तिसऱ्या दिवशी फोन केला का, सातव्या दिवशी केला का. ते भरल्याशिवाय पुढच्या बाईचं नाव येत नाही. म्हणून आमच्या भागातल्या बायकांची नाडी बहात्तर असते. सगळ्यांची. मुली, बाळंतिणी, म्हाताऱ्या, सगळ्यांची बहात्तर. आमचे साहेब त्याचा तक्ता करून वर पाठवतात आणि वरून शाबासकी येते. लाडकीचा नंबर एकेचाळिसावा होता. तिचं मनगट मी सवयीने धरलं आणि सवयीने सोडणार होते, पण बोटांना काहीतरी लागलं. मी मोजलं. पूर्ण मिनिट, घड्याळाकडे बघून. एकशे अठ्ठावीस. परत मोजलं, एकशे चौतीस. आणि ठोके एका मापाचे नव्हते. दोन घाईने, एक बुडालेला, मग तीन एकमेकांवर चढलेले. दहा मिनिटं बसवून ठेवली, नाडी खाली आली नाही. ती म्हणाली, "काय गं, बघत काय ऱ्हायलीस? वयाचंच ना?" मागे एकोणीस बायका उभ्या होत्या. मी 'हो' म्हटलं आणि बहात्तर भरलं. तो दिवस होता सतरा फेब्रुवारी. तू घर सोडलंस एकोणीस एप्रिलला. तुझ्या जाण्याच्या दोन महिने आधी तिचं काळीज भरकटलेलं होतं आणि ते जगात एकाच माणसाला माहीत होतं. त्या दिवशी पाठवली असती तर गोळ्यांनी वाचली असती का, मला माहीत नाही, वाचतात पुष्कळ. तुला माझी माफी नको असणार, मीही मागत नाही. हे पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. हे सगळं, तारखेसकट आणि आकड्यासकट, मी सही करून आज तालुक्याच्या आरोग्य कार्यालयात दिलं आहे; त्याची प्रत आणि डॉक्टरच्या कागदाची झेरॉक्स याच पाकिटात आहे, मिथुनला शेजारी बसवून शब्दन्‌शब्द वाच. तुझ्या बापाला मात्र वाचता येत नाही, त्याला तोंडानेच सांगायला लागेल. रविवारी सकाळी होडी लागली की किनाऱ्यावर सांगणार आहे, सगळ्यांच्या समोर, विठाबाईलाही बोलावून. तू ये. उंबऱ्याचं नंतर बघू, किनारा कोणाच्या बापाचा नाही. एवढंच मागते की तो माझ्या अंगावर धावून आला, तर तू मध्ये पडू नकोस.

तुझीच, तुला पटेल तेवढी,
संगितामावशी